‘सिस्टर, ही गोळी माझी नव्हे’: मुलांच्या आणि मानसोपचाराच्या वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि आयपीएचबी ही मानसोपचाराची संस्थासुद्धा. नर्सिंग करणारी मुलं एका पोस्टिंगला पाळण्याजवळ उभी असतात, तर पुढच्या पोस्टिंगला कुलूपबंद ग्रिलच्या आत. दोन्हीकडे पहिल्या आठवड्यात धास्ती असते ती औषधांची, आणि ती रास्तच आहे.

मेडिसिन वॉर्डातल्या आजोबांच्या हातावर चुकून दुसऱ्याची गोळी पडली, तर ते चष्मा वर सरकवून म्हणतात, “सिस्टर, ही गोळी माझी नव्हे. माझी बारीक, पांढरी.” अशा एका वाक्याने रोज किती चुका अडतात, याची नोंद कुठेच होत नाही. दोन वर्षांच्या मुलाला हे वाक्य बोलता येत नाही. मानसोपचाराच्या वॉर्डातला पेशंट ते बोलतो, पण ‘आजार बोलतोय’ असं समजून आपण ते कानाआड करतो. औषध तोंडात जाण्याआधीची शेवटची तपासणी, म्हणजे खुद्द पेशंटची, या दोन वॉर्डांत जवळजवळ नसतेच. ती तुम्हाला करावी लागते. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीपायी.

आकडे दिले आहेत ते हिशेब समजावा म्हणून. डोस डॉक्टर ठरवणार आणि पद्धत तुमच्या वॉर्डाची असणार.

ट्रॉली हलवण्याआधी

पहिलं काम नावाचं. पेडणे, डिचोली, सत्तरीतून आणि पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीहून येणाऱ्या पेशंटांत नाईक, गावडे, गावस, परब एवढे असतात की एकाच वॉर्डात एका आडनावाची तीन मुलं सहज सापडतात. नवजात बाळांना तर स्वतःचं नावच नसतं. सगळी ‘बेबी ऑफ’ अमुक. जुळी असली तर आईचं नावही एकच. म्हणून नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, दोन्ही जुळवायचं. खाट नंबरावर विसंबू नका, कारण आया खिडकीजवळची खाट मिळाली की सामानासकट सरकतात.

विचारायचं कसं, यातही फरक आहे. “हा सोहम ना?” असं विचारलं तर रात्रभर जागलेली आई मान डोलावते. “बाळाचं पूर्ण नाव सांगा” म्हणा. मानसोपचारात हे आणखी जपावं लागतं. पेशंट मनगटाची पट्टी काढून टाकतो, दुसऱ्याच्या खाटेवर जाऊन झोपतो, गुंगीत कुठल्याही नावाला ‘हो’ म्हणतो. काही ठिकाणी परवानगी घेऊन फाईलवर फोटो लावतात. ती सोय असेल तर वापरा. नसेल तर ओळखणाऱ्या जुन्या स्टाफला बरोबर घ्या. त्यात कमीपणा नाही.

दुसरं काम वजनाचं, मुलांच्या वॉर्डात. मुलाचा जवळजवळ प्रत्येक डोस किलोवर निघतो, त्यामुळे वजन चुकलं की पुढचं सगळं चुकलं. ओपीडीच्या कागदावरचं महिनाभरापूर्वीचं वजन चालत नाही. आईने अंदाजे सांगितलेलंही चालत नाही. रडणारं मूल काट्यावर थांबत नसेल तर आईला मुलासकट उभी करा, मग एकटीला, आणि वजाबाकी करा. तान्ह्या बाळाचा काटा मात्र वेगळा हवा; मोठ्या काट्यावरची शे-दोनशे ग्रॅमची चूक तीन किलोच्या बाळाला फार होते. वजन किलोमध्ये, तारखेसह, ट्रीटमेंट शीटच्या माथ्यावर लिहा. जुलाब-उलट्यांनी सुकलेलं किंवा अंगावर सूज आलेलं मूल असेल तर पुन्हा पुन्हा वजन करा.

तिसरं काम ऑर्डर वाचण्याचं. ‘०.५’ऐवजी नुसतं ‘.५’ लिहिलं आणि टिंब पुसट आलं तर ते पाच होतं. ‘१.०’ मधलं टिंब दिसलं नाही तर दहा. इन्सुलिनच्या युनिटसाठी काढलेला ‘यू’ घाईच्या अक्षरात शून्यासारखा दिसतो. असं काही दिसलं तर अंदाजाने वाचू नका, डॉक्टरकडून नीट लिहून घ्या. फोनवर ऑर्डर घ्यायची पाळी आली तर लिहा, परत वाचून दाखवा आणि आकडे सुटे बोला: ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘वन फाइव्ह’. ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरची सही ड्युटी संपण्याआधी मिळवा.

अ‍ॅलर्जी विचारताना ‘अ‍ॅलर्जी आहे का’ एवढ्यावर भागत नाही. “कुठल्या औषधाने कधी अंगावर चट्टे उठले का, दम लागला का, तोंड सुजलं का” असं विचारलं की आजी आठवून सांगते.

आणि औषधं काढत असताना कोणी हाक मारली तर? ‘सिस्टर, सलाईन संपली’, ‘सिस्टर, फोन’. हे दिवसभर चालतंच. माझा नियम साधा आहे: हातातलं औषध एकतर पूर्ण करायचं, नाहीतर तिथेच टाकून परत पहिल्यापासून सुरू करायचं. अर्ध्यावरून पुढे जायचं नाही. भरून ठेवलेली पण लेबल नसलेली सिरिंज सापडली तर ती कोणाची, कशाची हे शोधत बसू नका, फेकून द्या.

मुलांचा डोस: आधी मिलिग्रॅम, मग मिली

नव्या मुलींकडून सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न: “पॅरासिटामॉल किती मिली देऊ?” या प्रश्नाला उत्तरच नाही. आधी किती मिलिग्रॅम ते ठरतं, मग हातातली बाटली पाहायची, मग मिली.

समजा मूल १२ किलोचं आहे आणि ऑर्डर किलोला १५ मिलिग्रॅमची. म्हणजे १८० मिलिग्रॅम. आता कपाट उघडा. एका सिरपवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम लिहिलंय, त्याचे ७.५ मिली होतात. शेजारच्या बाटलीवर ५ मिलीत २५०, त्याचे ३.६ मिली. आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स आहेत, १ मिलीत १०० मिलिग्रॅम, त्यांचे १.८ मिली. औषध एकच, मूलही एकच, आणि तीन बाटल्यांचे तीन आकडे. पहिल्या बाटलीचा ७.५ हा आकडा डोक्यात ठेवून दुसरी बाटली उचलली तर मुलाला दुपटीहून जास्त औषध गेलं. ड्रॉप्सचे ७.५ मिली दिले तर ७५० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसभराचं औषध एका दमात. ड्रॉप्सची बाटली चिमुकली असते म्हणून औषध सौम्य असेल असं वाटतं, पण ते सिरपपेक्षा घट्ट असतं. आयांनाही हे सांगायला हवं, कारण मूल मोठं झालं तरी घरात ड्रॉप्स उरलेले असतात.

हिशेब कागदावर करा, मनात नको. नंतर स्वतःला एक भाबडा प्रश्न विचारा: हे बरोबर दिसतंय का? सात किलोच्या बाळासाठी तुम्ही इंजेक्शनच्या तीन कुप्या, म्हणजे अ‍ॅम्प्युल, फोडताय, असं कधी झालं तर थांबा. मुलांच्या डोसात बहुधा एका अ‍ॅम्प्युलचा काही भागच लागतो.

शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्याची १०० मिलीची बाटली येते, १ मिलीत १० मिलिग्रॅम. ऑर्डर ७५ मिलिग्रॅमची असेल तर द्यायचे ७.५ मिली. इथे मिलिग्रॅमचा आकडा मिली म्हणून वाचला की डोस थेट दहापट. मोठ्यांच्या वॉर्डात पूर्ण बाटली लावायची सवय झालेली असते, ती सवय इथे बाहेर ठेवून या. लागणारं तेवढंच सिरिंजमध्ये किंवा बुरेट सेटमध्ये (सलाईनच्या नळीवरच्या मापाच्या डब्यात) काढा. अख्खी बाटली मुलाच्या स्टँडला लटकवू नका.

इन्सुलिनच्या बाबतीत व्हायल (औषधाची बाटली) आणि सिरिंज यांची जोडी पाहायची. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची आणि मिलीला १०० युनिटची, दोन्ही मिळतात. ४०ची सिरिंज लाल टोपीची, १००ची केशरी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०च्या खुणेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. दुसऱ्या स्टाफकडून तपासून घेतल्याशिवाय मुलाला इन्सुलिन द्यायचं नाही. आणि तपासणाऱ्याने हिशेब स्वतः नव्याने करायचा. “बघ गं, बरोबर आहे ना” म्हटल्यावर मान हलवणं याला तपासणी म्हणत नाहीत.

सलाईन आणि शिरेतली औषधं

मुलांसाठीच्या बारीक थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली. त्यामुळे तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब. तासाला ४० मिली, तर मिनिटाला ४० थेंब. पाठ करायला सोपं. मोठ्यांच्या सेटचे १ मिलीला साधारण २० थेंब असतात. पाकिटावर छापलेलं पाहा. वॉर्डात मायक्रोड्रिप संपले आणि कोणी साधा सेट जोडला, पण थेंब जुन्याच हिशेबाने मोजले, तर मूल तासात तिप्पट पाणी घेतं. रात्री ही चूक हमखास होते.

पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा अ‍ॅम्प्युल डिस्टिल्ड वॉटरच्या अ‍ॅम्प्युलसारखा दिसतो. त्यात मिलीला २ मिलीइक्विव्हॅलंट इतकं पोटॅशियम असतं. ते पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. याला दुसरी संधी नसते. ते पाण्याच्या अ‍ॅम्प्युलांच्या शेजारी, एकाच ट्रेमध्ये ठेवलेलं दिसलं तर त्याच क्षणी उचलून वेगळ्या, मोठ्या लेबलच्या डब्यात टाका. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

कशात काय मिसळायचं नाही, याची यादी प्रत्येक वॉर्डात भिंतीवर असावी. दोन गोष्टी तरी आजच लक्षात ठेवा. फिटचं औषध फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे खडे होतात. आणि ते हळूहळू, मॉनिटर लावून. सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम एका लाईनमध्ये नको, आणि रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं हे विसरायला होतं. नवजात बाळाला कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रायाक्झोनची ऑर्डर दिसताच डॉक्टरांना विचारा.

कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा प्रत्येक औषधाआधी उघडून पाहायची. मोठा माणूस ‘जळजळतंय’ म्हणतो. तान्हं बाळ नुसतं रडतं, आणि वॉर्डात रडणं नवं नसतं.

तोंडाने देताना, आणि आईबद्दल

चमच्याने देऊ नका. घरचा चमचा ३ मिलीचाही असतो आणि ८चाही. मोजमापाची टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. सिरिंज वापरलीत तर तिच्यावर ‘तोंडाने’ अशी पट्टी चिकटवा आणि ती कॅन्युलाच्या ट्रेजवळ क्षणभरही ठेवू नका. सिरप शिरेत जाणं ही गोष्ट ऐकायला अशक्य वाटते, पण दोन सारख्या सिरिंजी शेजारी पडल्या की ती होऊ शकते.

बाळाला थोडं उठवून, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. नाक दाबून ओतणं बंद करा, कोणी कितीही वर्षं तसं करत आलं असलं तरी. अख्ख्या दुधाच्या बाटलीत औषध मिसळलं तर उरलेल्या दुधाबरोबर किती औषध राहिलं ते कळत नाही. औषध मधात कालवण्याची हौस आज्यांना फार. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही. औषधानंतर उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली ते लिहा आणि विचारा. आपल्या मनाने परत देऊ नका. कोरडं सिरप उकळून गार केलेल्या पाण्याने खुणेपर्यंत भरायचं, बाटलीवर तारीख टाकायची आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर ओतून टाकायचं. पावसाळ्यात आपल्याकडे भुकटीचा दमट गोळा होतो. हलवून मोकळी होत नसेल तर ती बाटली नको.

आई घरून काय काय घेऊन आली आहे ते पिशवी उघडून पाहा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी डायइथिलीन ग्लायकॉल असलेल्या खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरपं देऊ नयेत आणि पाचखालच्यांनाही सहसा देऊ नयेत. ताप-दुखीचं निमेसुलाइड तर भारतात १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी घरातल्या मोठ्यांच्या पाकिटातून अर्धी गोळी मुलाला दिली जाते. अ‍ॅस्पिरिनचंही तेच, डॉक्टरने खास सांगितल्याशिवाय मुलाला नको.

आणि आई म्हणाली, “काल हे औषध लाल होतं”, तर हातातलं औषध खाली ठेवा. कंपनी बदलली असेल, ठीक आहे. पण आधी शीट पाहा, मग तिला सांगा.

मानसोपचाराच्या वॉर्डात गोळी देताना

इथे हिशेब सोपे, माणसं अवघड. गोळी द्यायला मोजून अर्धं मिनिट लागतं आणि ती पोटात गेली याची खात्री व्हायला दहा.

एका वेळी एकच पेशंट. रांग लावायचीच असेल तर पुढचा दोन हात मागे. गोळी पाकिटातून त्याच्यासमोर काढा, नाव सांगा, कशासाठी ते एका वाक्यात सांगा. पूर्ण ग्लासभर पाणी द्या, घोटभर नव्हे. गिळल्यावर दोन शब्द बोलायला लावा: जेवलास का, घरून फोन आला का. गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबलेली असेल तर शब्द जड येतात, किंवा माणूस बोलायचं टाळून पाठ फिरवतो. मग तोंड उघडायला सांगा, जीभ वर, गाल बाजूला. हे पोलिसी थाटात केलंत की उद्यापासून तो अधिक हुशारीने लपवेल. “घशात अडकली नाही ना, बघू” एवढ्याने काम होतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं त्याला नजरेसमोर बसवा; बाथरूमला लगेच जाऊ देऊ नका. उशीच्या खोळीत, खिशाच्या शिवणीत, पावडरच्या डब्यात गोळ्या साठवलेल्या सापडतात. साठवणारा एका रात्री सगळ्या मिळून घेऊ शकतो. लिथियम आणि अ‍ॅमिट्रिप्टिलीनच्या बाबतीत ते जिवावरचं असतं.

लपवतोय असं कळलं की रागावण्याआधी कारण विचारा. बहुतेक वेळा लाळ गळते, झोप अनावर होते, अंग ताठतं, लैंगिक तक्रार असते जी तो तुमच्यासमोर सांगत नाही. कारण डॉक्टरांना कळलं की औषध बदलता येतं किंवा तोंडात विरघळणारी गोळी देता येते.

नकार दिला तर? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा आहे, लागू झाला २०१८मध्ये. स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या माणसाचा नकार हा नकार आहे. तुम्ही समजावता, थोड्या वेळाने परत विचारता, डॉक्टरांना कळवता आणि वेळेसह लिहिता. चहात गोळी विरघळवून देत नाही. तातडीचे उपचार, जीव धोक्यात असेल किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल तेव्हा, ७२ तासांच्या मर्यादेत देता येतात. तो निर्णय डॉक्टरांचा. बांधून ठेवणं शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून करता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. वॉर्ड शांत राहावा म्हणून इंजेक्शन मागणं हेही मला त्याच जातीचं वाटतं. रात्री दोघांच्या भरवशावर वॉर्ड चालवताना हा मोह होतो, हे मान्य.

नावांची गफलत इथे फार. क्लोझापीन आणि ओलान्झापीन, क्लोनाझेपाम आणि क्लोबाझाम आणि क्लोनिडीन, फ्लुऑक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन. कपाटात यांना शेजारी ठेवू नका. म्हणूनच पेशंट म्हणाला “ही माझी नव्हे”, तर तो भ्रमात असला तरीही आधी शीट पाहायची. विष घालताहेत असं वाटणाऱ्या माणसाची गोळीही कधी कधी खरोखरच चुकलेली असते.

इंजेक्शन दिल्यावर खरं काम सुरू होतं

खवळलेल्या पेशंटला शांत करायला हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन किंवा लोराझेपाम दिलं आणि तो झोपला, की सगळा वॉर्ड सुटकेचा श्वास टाकतो. तोच वेळ धोक्याचा. पहिला तासभर तरी दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध पाहा आणि लिहा. कुशीवर झोपवा. दारू प्यायलेला असेल तर डोळ्यात तेल घालून. शिरेतलं किंवा स्नायूतलं लोराझेपाम आणि ओलान्झापीनचं इंजेक्शन एकत्र देत नाहीत. दोन वेगळ्या ऑर्डरी दोन वेगळ्या शिफ्टमध्ये आल्या तरी तुम्हीच ते जोडून पाहायचं.

हॅलोपेरिडॉल आणि हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट ही दोन वेगळी औषधं आहेत. पहिलं आजच्यासाठी, दुसरं महिन्याभरासाठी. डेकॅनोएट तिळाच्या तेलात असतं, म्हणून तिळाची अ‍ॅलर्जी विचारा, सिरिंज-सुई कोरडी ठेवा, खोल स्नायूत द्या, त्वचा बाजूला ओढून. शिरेत कधीच नाही. चुकून दिलेलं महिनाभराचं औषध परत काढता येत नाही.

तरुण मुलाची पहिल्या दोन-तीन दिवसांत मान वाकडी झाली, डोळे वर फिरले, जीभ बाहेर आली तर ते औषधाने स्नायू आखडणं (डिस्टोनिया) आहे, फिट नव्हे. डॉक्टरांना हाक मारा, प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा थोड्या वेळात सुटते. घरच्यांना ते अंगात आल्यासारखं दिसतं आणि कोणीतरी देवळात गाऱ्हाणं घालायला निघतं. गाऱ्हाणं खुशाल घालू द्या, त्यावर वाद नको. फक्त हे औषधामुळे झालं आणि उतरेल, हे शांतपणे सांगा. गंमत म्हणजे हीच मान मुलांच्या वॉर्डातही दिसते, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलेल्या पोराची, आणि तिथे सगळे फिट आली म्हणून धावतात. शुद्धीवर आहे का ते पाहा, आणि मागच्या दिवसभरात काय दिलं ते शीटवर शोधा.

ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम, वरखाली होणारं बीपी आणि भान हरपणं हे एकत्र दिसलं तर ‘व्हायरल’ म्हणू नका. अँटिसायकोटिकचा (हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाचा) पुढचा डोस थांबवून ताबडतोब डॉक्टर.

तीन औषधं, आपल्या गोव्यातली

लिथियम, मूडच्या चढउतारांच्या आजारावरचं. रक्तातली पातळी लिटरला साधारण ०.६ ते १.२ मिलीइक्विव्हॅलंट, दीडच्या वर विषबाधा; म्हणजे उपाय आणि अपाय शेजारी शेजारी. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. सकाळी गोळी देऊन मग रक्त काढलं तर आकडा खोटा येतो, म्हणून त्या दिवशी सकाळचा डोस अडवून धरा. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की पातळी चढते. मे महिन्यात घामाने, पावसाळ्यात जुलाबाने. पेजेबरोबर रोज खारातली कैरी आणि सुकी मासळी खाणाऱ्याला बीपीसाठी कोणी एकदम मीठ बंद करायला सांगितलं, तरी चढते. अंगदुखीला घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही चढवते. हात जाडसर थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या, बोलणं अडखळणं दिसलं तर गोळी रोखा आणि कळवा. दारू प्यायलाय असा शेरा मारून पुढे जाऊ नका.

क्लोझापीन, स्किझोफ्रेनियावरचं. पांढऱ्या पेशी घटतात म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त. ताप किंवा घसादुखी झाली तर त्याच दिवशी. बद्धकोष्ठ किरकोळ समजू नका, यात आतडं बंद पडून माणसं दगावली आहेत. रोज शौच झालं का विचारा आणि लिहा. विडी-सिगारेट ओढणारा वॉर्डात आला आणि ती सुटली तर त्याच डोसने पातळी वाढते, हे नव्यांना कोणी सांगत नाही. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. चवथीला पेशंट चार दिवस घरी जातो, माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीच्या) गडबडीत गोळ्या राहतात. ४८ तासांहून अधिक खंड पडला असेल तर जुना पूर्ण डोस देऊ नका. साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावं लागतं. सुट्टीवरून परतलेल्या प्रत्येकाच्या उरलेल्या गोळ्या मोजा. “घेतल्या ना?” या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात.

डायसल्फिराम, दारू सोडवण्यासाठीचं. दारूच्या शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास झाल्याशिवाय सुरू होत नाही, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे दारू चालत नाही. हुर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) दिवसांत हे दोनदा सांगा. फेणी सोडली पण ताकदीसाठी दशमूलारिष्ट घेतो, असं म्हणणारे भेटतात; आसव-अरिष्टांत मद्यार्क असतो. बायका दबक्या आवाजात विचारतात, “सिस्टर, याच्या चहात घालता येईल असं काही द्या.” उत्तर नाही असंच. नकळत दिलेल्या डायसल्फिरामवर तो प्यायला तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. आणि दारू सुटल्यावर थरथरणाऱ्या पेशंटला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) गेलं का, ते पाहणं तुमचं काम.

चुकलं तर

आधी पेशंट, मग डॉक्टर, मग कागद. काय दिलं, किती, कधी, त्यानंतर काय दिसलं, एवढंच लिहा. खाडाखोड नको, शाई लावून झाकणं नको. मेमोच्या भीतीने चुका दडतात आणि तीच चूक पुढच्या शिफ्टला पुन्हा होते. जिथे इन्चार्ज सिस्टर ओरडण्याआधी ‘कसं झालं’ विचारते, तिथे चुका लवकर कळतात. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा फॉर्म नर्सलाही भरता येतो, त्याचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

घरी पाठवताना

‘दिवसातून तीनदा’ लिहू नका. सकाळी उठल्यावर, पेजेच्या वेळी, रात्री जेवल्यावर असं लिहा. ज्याला पेज माहीत नाही, उदाहरणार्थ बांधकामावरची कन्नड बोलणारी आई, तिच्यासाठी सूर्य-चंद्र काढा आणि सिरिंजवर पेनने रेघ मारून द्या. देवनागरीत डोस लिहिताना १ आणि ९ नीट वेगळे काढा. पहिला घरचा डोस आईकडूनच तुमच्यासमोर मोजून घ्या. मानसोपचाराच्या पेशंटला पुढच्या तारखेपुरत्याच गोळ्या द्या, आणि रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ क्रमांक लिहून द्या.

शेवटी घरात लहान मूल आहे का ते विचारा, पेशंट साठ वर्षांचा असला तरी. आजीची मधुमेहाची एक गोळी किंवा काकाचं लिथियम नातवाला पुरेसं असतं. मुलाने काही गिळलं तर उलटी काढायची नाही, रिकामं पाकीट घेऊन थेट हॉस्पिटल, १०८ लावून. औषधांना कुलपाचा डबा हवा. फडताळाची वरची फळी चढणाऱ्या पोराला अडवत नाही. डब्याची चावी घरात कोणाकडे राहणार, त्या माणसाचं नाव विचारा आणि डिस्चार्जच्या नोंदीत लिहून ठेवा.